अंतर्गत सुरक्षा ऑडिट कोणत्या दिवसाचे करावे? मासळी प्रक्रिया कारखान्यातून आलेल्या प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया व निर्यात करणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कारखान्याने आयएसओ ४५००१ चे, म्हणजे कामाच्या जागेवरील सुरक्षा व आरोग्याच्या व्यवस्थापनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे, प्रमाणपत्र घेतलेले आहे, नोव्हेंबरमध्ये बाहेरचे ऑडिटर येणार आहेत आणि त्याआधीचे अंतर्गत ऑडिट करण्याची जबाबदारी यांच्यावर आली आहे. हाती सुमारे दोनशे प्रश्नांची चेकलिस्ट आहे, वेळ तीन दिवसांचा आहे, आणि व्यवस्थापकांनी आधीच सांगून ठेवले आहे की फार त्रुटी लिहू नका, बाहेरच्यांच्या हाती आयते कोलीत नको. अशा परिस्थितीत काही उपयोगाचे ऑडिट होऊ शकते का, असे त्यांनी विचारले आहे.

होऊ शकते, पण त्याआधी एक अडचण दूर करावी लागेल. धोक्यांची नोंदवही तुम्ही लिहिली, प्रशिक्षण तुम्ही दिले, वर्क परमिटवर, म्हणजे धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीवर, सही तुमची, आणि आता या सर्वांची तपासणीही तुम्हीच करणार. ऑडिट वस्तुनिष्ठ आणि निःपक्षपाती असावे अशी मानकाच्या कलम ९.२ ची अपेक्षा आहे आणि ती केवळ औपचारिक नाही, कारण आपण स्वतः लिहिलेल्या कागदातील चूक आपल्याला दिसत नाही हा प्रत्येकाचा अनुभव आहे. तुमच्या कारखान्यात निर्यातीसाठी अन्नसुरक्षेची हॅसेप पद्धत चालू असणार, म्हणजे ऑडिट कसे करतात हे ठाऊक असलेली दोन-चार माणसे गुणवत्ता विभागात नक्कीच आहेत. तुमच्या हातून झालेल्या कामाची तपासणी त्यांच्याकडे सोपवा आणि तुम्ही उत्पादन, देखभाल, खरेदी व ठेकेदार हे विभाग घ्या. गुणवत्ता विभागाला यात घेण्याचे आणखी एक कारण आहे. कोळंबीचे तापमान त्या विभागात तासातासाला लिहिले जाते, आणि कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या बोटांची नोंद मात्र कुठेच सापडत नाही. ही विसंगती त्यांनी स्वतः पाहिली की तिच्याबद्दल बैठकीत बोलणारा आवाज एकट्या सुरक्षा अधिकाऱ्याचा राहत नाही.

शब्दांचा एक घोळही मिटवून ठेवतो. सेफ्टी राउंड म्हणजे आज कारखान्यात काय बिघडलेले आहे हे पाहणे. आयएस १४४८९ या भारतीय मानकानुसार होणारे सुरक्षा ऑडिट हे यंत्रे, साठवण, विद्युत, अग्निशमन अशा अंगांनी संपूर्ण कारखान्याची तपासणी करते. आयएसओ ४५००१ चे ऑडिट यांहून वेगळे असते. बिघाड झाल्यावर तो ओळखण्याची, वर कळवण्याची आणि पुन्हा होऊ न देण्याची जी व्यवस्था कारखान्याने उभी केल्याचे सांगितले आहे, ती खरोखर चालते का हे त्यात पाहायचे असते. मराठीत आपण याला लेखापरीक्षण म्हणू लागलो आणि बहुतेक ठिकाणी ते शब्दशः खरे झाले, लेखांचेच परीक्षण होते.

आता मुख्य मुद्दा. दोनशे प्रश्नांची चेकलिस्ट नेहमीच्या दिवसाला धरून केलेली असते. पूर्ण माणसे हजर आहेत, वीज आहे, पाऊस नाही, साहेब जागेवर आहेत अशा दिवशी कोणतीही व्यवस्था चालते. व्यवस्थेचा कस नेहमीची घडी विस्कटलेल्या दिवशी लागतो आणि कोकणात हे दिवस कोणते ते आधीच सांगता येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून कारखाना देखभालीसाठी उघडला जातो. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जातात, माल एकदम येतो आणि दोन महिने थंडावलेली, मासळी गोठवणारी अमोनियाची यंत्रणा पुन्हा चालू करावी लागते. तोच गणपती येतात आणि गावातली माणसे, ज्यांत जुने जाणते ऑपरेटरही आले, पाच-सात दिवसांसाठी घरी जातात. यंत्रणा चालू करण्याचा सर्वांत नाजूक काळ आणि माणसे सर्वांत कमी असण्याचा काळ आपल्याकडे एकमेकांना लागून येतो. म्हणून माझा सल्ला असा की तीन दिवसांपैकी निदान दीड दिवस या काळातल्या दोन-तीन दिवसांना द्या. गणपतीच्या आठवड्यातली एक रात्रपाळी निवडा आणि त्या रात्रीचे हजेरीपत्रक, कंप्रेसर रूमचे लॉगबुक, परमिटचे पुस्तक, ठेकेदाराच्या माणसांची यादी, गेटवरची नोंद आणि स्टोअरमधून गेलेला माल एका टेबलावर मांडा. त्या रात्री कारखान्यात कोण होते, त्यांनी काय केले आणि ते करण्याची त्यांची पात्रता कोणी ठरवली होती, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे या कागदांतून जुळतात का ते पाहा.

अशा एका रात्रीतून काय हाती लागते ते एका उदाहरणाने सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

अमोनियाच्या यंत्रणेत कंप्रेसरमधले तेल थोडे थोडे पुढे जाते आणि थंड भांड्यांच्या तळाशी साचते, कारण ते द्रव अमोनियापेक्षा जड असते आणि त्यात मिसळत नाही. ते ठरावीक काळाने काढावे लागते. तेल संपून अचानक द्रव अमोनिया बाहेर आला तर व्हॉल्व्ह क्षणात बंद व्हायला हवा, म्हणून तेथे हात सोडताच स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवतात. त्या कारखान्यात तो बसवलेला होता, धोक्यांच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख होता आणि मासिक तपासणीच्या तक्त्यात त्याच्यासमोर प्रत्येक महिन्याला बरोबरची खूण होती. मी रात्री पावणेदोनला कंप्रेसर रूममध्ये गेलो तेव्हा त्या व्हॉल्व्हच्या दांडीला जाळे विणायची हिरवी नायलॉन दोरी बांधलेली होती. गाठ जुनी होती. तिच्यावर तेलाचा थर बसून ती काळी पडली होती, म्हणजे दोरी त्या रात्रीपुरती बांधलेली नव्हती.

इथे बहुतेक ऑडिटर थांबतात, ऑपरेटरने सुरक्षा साधन निकामी केले असे लिहितात आणि प्रशिक्षण द्यावे अशी सुधारणा सुचवतात. मी त्या ऑपरेटरला तेल काढायला किती वेळ लागतो एवढेच विचारले. थंड तेल काकवीसारखे घट्ट असते, पाऊण तास तरी लागतो, असे तो म्हणाला. त्या पाऊण तासात दोन कंप्रेसरची वाचने लिहिणे, कंडेन्सरचे पाणी पाहणे आणि वरून आलेला फोन घेणे हेही त्याच्याकडेच होते. पूर्वी रात्री सोबत एक हेल्पर असे. मागच्या वर्षी खर्च कमी करताना ती जागा गेली. मग मी दिवसा ऑफिसात बसून ती जागा कमी झाल्याचा कागद शोधला. पत्र मनुष्यबळ विभागाचे होते आणि त्यावर सुरक्षा विभागाचे मत विचारल्याची काहीही खूण नव्हती. मानकाच्या कलम ८.१.३ मध्ये बदलांचे व्यवस्थापन आहे आणि त्यात कामाची मांडणी, कामाच्या अटी व मनुष्यबळ यांतले बदल स्पष्टपणे धरलेले आहेत. नवे यंत्र आले की आपण बदलाचा फॉर्म भरतो, माणूस कमी झाला की भरत नाही. मी त्रुटी या कलमाखाली लिहिली. दुसरी त्रुटी मासिक तपासणीबद्दल होती, कारण ती तपासणी नेहमी दिवसा, तेल काढण्याचे काम चालू नसताना होत असे आणि तेव्हा दांडी बंद स्थितीतच असे. खूण करणारा खोटे लिहीत नव्हता, त्याला चुकीच्या वेळी पाठवले जात होते.

या उदाहरणावर मी मुद्दाम रेंगाळलो, कारण तुमच्या कारखान्यातला सर्वांत मोठा धोका अमोनियाचाच आहे आणि कायद्याची कडक नजर तिथपर्यंत पोहोचत नाही. भोपाळनंतर १९८९ मध्ये झालेल्या घातक रसायनांच्या नियमांत अमोनियासाठी पहिली मर्यादा ६० टनांची आणि वरची ६०० टनांची आहे. शीतगृहात साधारणपणे काही टनच अमोनिया असतो, त्यामुळे सविस्तर सुरक्षा अहवाल, स्वतंत्र तज्ज्ञाकडून ऑडिट हे सगळे थळच्या खत कारखान्यासारख्या मोठ्या साठ्यांना लागू होते, तुम्हाला नाही. माणसाला मात्र टनांशी कर्तव्य नसते. आठ तासांच्या कामासाठी हवेतील मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे आणि ३०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानला जातो. बंद कंप्रेसर रूममध्ये एवढे प्रमाण होण्यासाठी एक सुटलेला व्हॉल्व्ह पुरतो.

आपत्कालीन तयारी पाहताना रंगीत तालमीच्या नोंदी तारखेने आणि वेळेने लावा. माझ्या अनुभवात त्या बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, पूर्वसूचना देऊन झालेल्या असतात. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण गळतीतून थंड धुक्याच्या रूपाने बाहेर पडतो तेव्हा तो जमिनीलगत सरकतो आणि वारा नेईल तिकडे जातो. दुपारी सुरक्षित असलेले एकत्र जमण्याचे ठिकाण पहाटे चार वाजता नेमके वाऱ्याच्या तोंडाशी असू शकते. तुमच्या नकाशावर असे ठिकाण एकच असेल तर ती त्रुटी आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी रात्री दिसते का, तिच्यावर दिवा आहे का, आणि पावसाळ्यानंतर ती फाटून नुसती कडी उरली आहे का, हेही पाहा.

सांडपाण्याच्या टाक्यांबद्दल थोडक्यात. मासळीचे पाणी कुजले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असे मानणारा माणूस मरतो आणि त्याला काढायला उतरणारे त्याच्या मागोमाग जातात. परमिटवर ऑक्सिजन प्रत्येक वेळी २०.९ लिहिलेला आहे म्हणून संशय घेऊ नका, शुद्ध हवेत तेवढाच असतो. संशय घ्यायचा तो वायूतपासणीची वेळ माणूस उतरल्यानंतरची असेल तर, किंवा तपासणी टाकीच्या तोंडाशीच होऊन तळाचे वाचन घेतलेलेच नसेल तर. उपकरणाची नळी किती लांब आहे ते मोजा आणि टाकीची खोली विचारा. या दोन आकड्यांनी पुष्कळ परमिट निकालात निघतात.

कागद कागदाशी पडताळणे हे ऑडिटचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार आहे. अपघात नोंदवहीत सहा महिने शून्य असेल तर ती बाजूला ठेवा आणि खरेदी विभागातून मलमपट्टीच्या सामानाची बिले मागवा. एका ठिकाणी शून्य अपघात आणि चिकटपट्ट्यांचे डझनावारी खोके अशी जोडी मला मिळाली होती. सोलणी विभागाच्या मुकादमीणबाई पट्ट्या स्वतःच्या खणात ठेवत आणि वाटत, कारण दवाखान्याच्या वहीत नाव गेले की त्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते अशी समजूत होती. ती समजूत खरी होती की खोटी, हा प्रश्न ऑडिटरने व्यवस्थापनाला लेखी विचारला पाहिजे. माहिती देणाऱ्या कामगाराला त्रास होता कामा नये ही मानकात वरिष्ठ व्यवस्थापनाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे.

याच विभागात आरोग्याचा विषय सुरू होतो, जो सुरक्षेच्या धामधुमीत नेहमी मागे पडतो. ओल्यात आणि गारठ्यात तासन्‌तास उभे राहणे, एकाच हालचालीने दुखावणारे मनगट, बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, आणि कोळंबी-खेकड्याच्या प्रक्रियेत हवेत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांमुळे काहींना जडणारा दमा, हे सर्व धोक्यांच्या नोंदवहीत आहे का ते पाहा. बहुधा तेथे फक्त ‘पाय घसरणे’ सापडेल.

माणसांशी बोलताना चेकलिस्ट खिशात ठेवा. “हातमोजे वापरता ना?” या प्रश्नाला कोकणात एकच उत्तर मिळते, “सगळं व्यवस्थित हाय, साहेब.” ते खोटेपणातून येत नाही, पाहुण्यासमोर घरातले उणेदुणे काढू नये या वळणातून येते. त्याऐवजी “काल रात्री हे काम कसं केलंत, जरा दाखवा,” असे म्हणावे आणि गप्प बसावे. हात बोलू लागतात. पर्यवेक्षक शेजारी नसावा. तुमच्याकडे परराज्यांतून आलेली माणसेही असतील, त्यांना मराठीतला फलक वाचता येत नाही आणि प्रशिक्षणाच्या हजेरीवर मात्र त्यांच्या सह्या असतात. अशा एखाद्याला कामाच्या जागेवरून बाहेर पडायचा सर्वांत जवळचा रस्ता विचारा. आणखी एक विचारा, जीव धोक्यात आहे असे वाटले तर काम सोडून बाजूला होता येते का. हा प्रश्न मानकाच्या कलम ७.३ मधला आहे, आणि तो ऐकून समोरचा हसला तर ते हसू टिपून ठेवण्याजोगे असते.

खाऱ्या हवेबद्दल एवढेच की देखभालीचे वेळापत्रक यंत्राच्या मूळ पुस्तिकेतून जसेच्या तसे उतरवलेले असेल, तर ते समुद्रापासून दूरच्या हवेला धरून असण्याचा संभव आहे. थर्मोकोलच्या आच्छादनाखाली अमोनियाच्या नळ्या गंजतात आणि वरून त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. आच्छादन काढून जाडी शेवटची कधी मोजली, कोणत्या ठिकाणी, आणि ते ठिकाण कोणी निवडले हे विचारावे. कायद्यांच्या यादीवरही एक नजर टाका. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली असताना यादीत केवळ १९४८ चा कारखाने अधिनियम असेल, तर ती यादी कोणीतरी वर्षानुवर्षे नुसती तारीख बदलून छापते आहे. आणि ठेकेदाराच्या माणसांना नियुक्तीपत्रे मिळाली आहेत का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.

आता व्यवस्थापकांच्या सूचनेविषयी. त्यांची भीती सर्वस्वी निराधार नाही. धोका माहीत होता, लिहिलेला होता आणि तरी काही केले नाही, असा कागद चौकशीत फार महाग पडतो. पण त्यावरचा उपाय न लिहिणे हा नाही, लिहिलेल्या प्रत्येक त्रुटीसमोर एका माणसाचे नाव, एक तारीख आणि तोपर्यंतची तात्पुरती तजवीज लिहिणे हा आहे. बाहेरच्या ऑडिटरच्या बाजूने सांगायचे तर अंतर्गत अहवालात एकही त्रुटी नसेल तर मी स्वतः सावध होतो आणि जास्त वेळ कारखान्यात फिरतो. स्वतःच शोधलेल्या चार गंभीर त्रुटी आणि त्यांवर चालू असलेले काम दिसले, तर व्यवस्था जिवंत आहे असा निष्कर्ष निघतो. व्यवस्थापकांना हे याच शब्दांत सांगून पाहा. संख्येवर घासाघीस करायची वेळ आलीच, तर किरकोळ बाबी, म्हणजे पुसट झालेला फलक, मुदत संपलेले एखादे मलम, त्या सेफ्टी राउंडच्या यादीत टाका आणि अहवालात व्यवस्थेच्याच त्रुटी ठेवा.

त्रुटी लिहिताना तीन गोष्टी एका वाक्यसमूहात याव्यात, अपेक्षा काय होती, दिसले काय, आणि कशावरून. “अमोनिया सुरक्षेबाबत जागरूकता कमी आहे” हे वाक्य फाडून टाकण्याच्या योग्यतेचे आहे. त्याऐवजी असे लिहावे: “रात्रपाळीतील हेल्परचे पद रद्द करताना कलम ८.१.३ नुसार धोक्याचा फेरविचार झालेला नाही. अमुक तारखेच्या रात्री १.४५ वाजता तेल काढण्याच्या स्वयंबंद व्हॉल्व्हची दांडी दोरीने बांधलेली आढळली. त्या वेळी कंप्रेसर रूममध्ये एकच ऑपरेटर होता, हजेरीपत्रक व लॉगबुक सोबत जोडले आहे.” यात ऑपरेटरचे नाव नाही हे लक्षात घ्या. ऑडिटचे संबंधित निष्कर्ष कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींनाही कळवायचे असतात, आणि ज्या अहवालात सहकाऱ्याचे नाव गुन्हेगारासारखे आले आहे तो वाचल्यावर पुढच्या वर्षी तुम्हाला रात्री कोणी काही दाखवणार नाही.

त्रुटी बंद करण्याच्या बाबतीत फोटोवर विसंबू नका. त्या कारखान्याने महिनाभरात मला दांडीवरची दोरी काढल्याचा सुंदर, लख्ख उजेडातला फोटो पाठवला होता. मी तो स्वीकारला, पण त्रुटी उघडीच ठेवली. हेल्परची जागा परत देण्याऐवजी त्यांनी पुढे दुसरा मार्ग काढला. तेल जमण्याच्या भांड्यातला अमोनिया आधी कंप्रेसरच्या ओढीच्या नळीत सोडायचा, भांडे यंत्रणेपासून वेगळे करून गरम होऊ द्यायचे, आणि तेल सकाळच्या पाळीत, दोन माणसे हजर असताना काढायचे. हा उपाय अधिक चांगला होता, कारण पातळ झालेले तेल दहा मिनिटांत निघते आणि दांडी धरून उभे राहणे माणसाला जमते. पुढच्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तिसऱ्या रात्री, मी पुन्हा गेलो. बदली ऑपरेटर होता, नवखा. तेलाबद्दल विचारल्यावर त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला आणि ते काम रात्री करायचे नाही असे सांगितले. दांडी मोकळी होती. मग मी त्रुटी बंद केली.